रंग उडालेलं कॅलेंडर आणि ॲमस्टरडॅममधला एक मंगळवार

माझ्या वर्गात फळ्याच्या उजव्या बाजूला एक चित्र टांगलेलं असायचं. दूध ओतणारी बाई. १९८१ साली कोल्हापुरात ए.टी.डी. (कलाशिक्षकाची पदविका) करताना रद्दीच्या दुकानात एका परदेशी कॅलेंडरची सुटी पानं मिळाली होती, त्यातलं हे एक. खाली बारीक अक्षरात चित्रकाराचं नाव होतं, व्हर्मीर, आणि चित्राचा पत्ता: राइक्सम्युझियम, ॲमस्टरडॅम. पुढच्या वर्षी मी कराडला शाळेत कलाशिक्षिका म्हणून लागले. ते पान पुठ्ठ्यावर चिकटवून वर्गात लावलं, ते २०१६ साली निवृत्त होईपर्यंत तिथंच होतं. चौतीस वर्षं. चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षांना बसणाऱ्या मुलांना वस्तुचित्रातला छायाप्रकाश मी त्या पानावरूनच शिकवला. उजेड डावीकडच्या खिडकीतून येतो, म्हणून भांड्याची उजवी बाजू गडद. हे वाक्य मी किती वेळा बोलले असेन, मोजता येणार नाही.

२०२४च्या सप्टेंबरात ते चित्र मी प्रत्यक्ष पाहिलं, एकटीने जाऊन. तेव्हा मी ६६ वर्षांची होते. लेकीच्या किंवा सुनेच्या बाळासाठी दोन-तीन महिने परदेशी जाणाऱ्या माझ्यासारख्या पुष्कळ बायका आहेत. त्यांनाही एखादा दिवस आपल्या आवडीचं काही पाहायचं असतं, पण ट्राम, तिकीट, इंग्रजी आणि गुडघे या चारांची धास्ती वाटते. मलाही वाटली होती. म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

मुलगी ॲमस्टेलव्हेनला राहते. ॲमस्टरडॅमला लागूनच आहे ते. तिची बाळंतपणाची रजा संपलेली, आणि बाळ पाळणाघरात रुळेपर्यंत मी तिकडे जावं असं ठरलं. व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा, जास्तीत जास्त ९० दिवसांचा. कागदांमध्ये सर्वांत जास्त वेळ गेला तो एका फॉर्मवर. आपण नातेवाइकांकडे राहणार असलो, तर त्यांनी तिथल्या नगरपालिकेत जाऊन या फॉर्मवरची सही प्रमाणित करून घ्यावी लागते. मुलीला त्यासाठी आधी वेळ घ्यावी लागली, मग मूळ प्रत कुरिअरने मला आली. यातच जून संपला. तेव्हा विमानाच्या तारखा ठरल्या की पहिलं काम हे करायला सांगा. बाकीचे कागद आपल्या हातातले असतात: पेन्शन जमा होते त्या खात्याचं स्टेटमेंट, किमान ३० हजार युरोंचा वैद्यकीय विमा, जाण्यायेण्याचं आरक्षण, ३५ बाय ४५ मिलिमीटरचे फोटो. फी ११ जूनपासून वाढून ९० युरो झाली होती, म्हणजे आठ हजार रुपयांच्या वर. व्हिसा केंद्राचे सेवाशुल्क वेगळे.

मुंबईतल्या व्हिसा केंद्रातली माझी वेळ बुधवारी, १० जुलैला होती. सोमवारी पहाटे मुंबईत इतका पाऊस झाला होता की लोकल बंद पडल्या होत्या. म्हणून मी मंगळवारीच दादरला नणंदेकडे जाऊन राहिले. आत गेल्यावर कळलं की माझ्या फोटोत चेहरा फार लहान आला आहे. तिथेच पुन्हा फोटो काढून घेतला, त्याचे पैसे वेगळे गेले. बोटांचे ठसे काही केल्या उमटेनात. उतारवयात बोटांवरच्या रेघा झिजतात, आणि माझी बोटं तर जन्मभर रंगाच्या पाण्यात आणि खडूत गेलेली. तिथल्या मुलीने घाई केली नाही. ओल्या रुमालाने बोटं पुसायला दिली, चौथ्या वेळी ठसे उठले. पासपोर्ट २९ जुलैला घरी आला. त्या एकोणीस दिवसांत मी रोज पोस्टमनची वाट पाहिली.

ऑगस्टच्या शेवटी तिकडे पोचले. गणपती तिथेच बसवले. बाळ मला ओळखायला लागलं. आणि एका संध्याकाळी मी मुलीला म्हटलं, "मला ते दुधाचं चित्र बघायचंय." ती म्हणाली, "आई, शनिवारी आपण सगळे जाऊ ना." मी म्हटलं, "नको. बाळाला घेऊन गेलं की माझं लक्ष बाळाकडेच राहील." तिला जरा वाईट वाटलं असावं, पण ती समजली. मंगळवारी ती घरून काम करायची आणि बाळ पाळणाघरात असायचं, म्हणून मंगळवार ठरला. २४ सप्टेंबर.

संग्रहालय वर्षाचे ३६५ दिवस सकाळी ९ ते संध्याकाळी ५ उघडं असतं. सुट्टीचा वार नाही. तिकीट ऑनलाइन काढतानाच आत जायची वेळ निवडावी लागते. आम्ही दोन आठवडे आधी नऊची वेळ घेतली. तेव्हा, २०२४ साली, मोठ्यांना २२.५० युरो होते, अठरा वर्षांखालच्यांना फुकट. दोन हजार रुपयांहून जास्त झाले, आणि पेन्शनवर घर चालवणाऱ्या बाईला हा आकडा बोचतो. पैसे भरताना माझा हात थांबला होता. मग मनाशी म्हटलं, या एका चित्राने मला चौतीस वर्षं शिकवायला मदत केली आहे, त्याची गुरुदक्षिणा समजावी. ज्येष्ठांना वेगळी सवलत मला दिसली नाही, त्यामुळे ती गृहीत धरू नका.

आदल्या रात्री मुलीने तीन गोष्टी करून दिल्या. तिकिटाची छापील प्रत, कारण फोनची बॅटरी दगा देते. माझ्या वहीत मोठ्या अक्षरात लिहिलेला ट्रामचा रस्ता. आणि एक चिठ्ठी, जिच्यावर तिचा फोन नंबर आणि घरचा पत्ता होता. शबनम पिशवीत वही, दोन २बी पेन्सिली, खोडरबर, चष्मा, गुडघ्याची गोळी आणि दशम्या.

पाच नंबरची ट्राम ॲमस्टेलव्हेनहून थेट संग्रहालयाजवळच्या म्युझियमप्लेन थांब्याला जाते, बदलावी लागत नाही. चढताना यंत्राला बँकेचं कार्ड टेकवायचं आणि उतरताना पुन्हा टेकवायचं. उतरताना विसरलात तर जास्तीचे पैसे कापले जातात. माझ्याजवळ मुलीचं कार्ड होतं. अडीच युरोंच्या आसपास गेले. मला सगळ्यांत भीती या प्रवासाचीच होती. प्रत्येक थांब्याचं नाव पडद्यावर येतं, ते मी वहीतल्या यादीशी ताडून बघत होते. शेजारची बाई उतरताना माझ्याकडे पाहून हसली, तेव्हा लक्षात आलं की मी नावं मोठ्याने वाचत होते.

इमारत पाहून मला मुंबईचं व्ही.टी. स्टेशन आठवलं. दोन्हींचं वय जवळपास सारखंच. हे संग्रहालय १८८५ साली उघडलं, वास्तुरचनाकार पिएर कौपर्स. विटांचं काम, मनोरे, आणि इमारतीच्या पोटातून आरपार जाणारा रस्ता, ज्यावरून सायकली सुसाट जातात. प्रवेश याच बोगद्यातून आहे. म्हणून तिथे उभं राहून वर बघू नका, आधी कडेला व्हा. आत उतरलं की काचेच्या छताचा मोठा चौक लागतो. पाठीवरच्या आणि मोठ्या पिशव्या आत नेता येत नाहीत, त्या ठेवायला मोफत सोय आहे. छत्री आणि डबा मी तिथे ठेवला. वही-पेन्सिल नेऊ का, असं माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं. पेन्सिल चालते, पेन आणि रंग चालत नाहीत. आणि माझे गुडघे पाहून असेल, चौकशीच्या टेबलापाशी मला घडीचं एक हलकं स्टूल मिळालं, तेही मोफत. हे विचारल्याशिवाय कुणी देत नाही. जरूर विचारा. माझा सगळा दिवस त्या स्टुलावर उभा राहिला.

ऐंशी दालनं आहेत आणि आठ हजार वस्तू मांडलेल्या. मी ठरवलं होतं की पाच-सहाच चित्रं पाहायची आणि बसून पाहायची. त्यामुळे तळमजल्यावर कुठेही न थांबता लिफ्टने सरळ दुसऱ्या मजल्यावर गेले. सतराव्या शतकाचा मजला तो. रंगीत काचांच्या खिडक्यांचं मोठं सभागृह ओलांडलं की मधोमध लांबलचक दालन लागतं. दोन्ही बाजूंना कोनाडे, आणि पार टोकाला रेम्ब्रांटचं 'नाइट वॉच'. देवळात सभामंडपातून गाभाऱ्याकडे बघावं तसं ते लांबूनच दिसतं. मी तिकडे गेले नाही. डावी-उजवीकडे बघत कोनाड्या-कोनाड्यातून चालले, आणि ती दिसली.

नऊ वाजून दहा-बारा मिनिटं झाली असतील. समोर पाच-सहाच माणसं होती.

पहिल्यांदा जाणवलं ते माप. ४५.५ बाय ४१ सेंटिमीटर. आपल्या चित्रकलेच्या क्वार्टर इम्पिरियल कागदापेक्षा मोठं, पण हाफ इम्पिरियलपेक्षा लहानच. माझ्या मनात ते भिंतभर होतं. युरोपातलं एवढं नावाजलेलं चित्र, दाराएवढं तरी असेल असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात माझं कॅलेंडरचं पान जवळपास याच मापाचं होतं. म्हणजे इतकी वर्षं ती बाई माझ्या वर्गात तिच्या खऱ्या आकारात उभी होती, आणि मला ते माहीत नव्हतं.

मग रंग. इथे मला स्टूल उघडून बसावंच लागलं.

वर्गातलं पान खिडकीसमोर होतं. छापील चित्रावर ऊन पडत राहिलं की तांबडा आणि पिवळा आधी उडतो, निळा सर्वांत शेवटपर्यंत टिकतो. माझं चित्र वर्षानुवर्षं हळूहळू निळं होत गेलं होतं. रोज बघणाऱ्याला असा बदल कळत नाही. त्या बाईची चोळी मला पांढुरकी, करडी वाटायची. मुलांनाही मी तसंच सांगितलं होतं: "बघा, सगळं चित्र थंड रंगात आहे." खरी चोळी पिवळी आहे. आणि केवढी पिवळी! हळदीच्या ओल्या लेपासारखी, जाडसर, जिथे उजेड पडतो तिथे जवळजवळ पांढरी होणारी. शिसं आणि कथील यांपासून केलेला तो पिवळा रंग आहे. खाली आडोश्याला निळा ॲप्रन, तो लाजवर्दाच्या दगडापासून बनवलेल्या निळ्याचा. हा दगड अफगाणिस्तानच्या बदख्शानातून युरोपात जायचा. एका स्वयंपाकघरातल्या बाईच्या कपड्याला चित्रकाराने सर्वांत महागडा रंग दिला. पिवळा उबदार आणि निळा थंड, या दोघांच्या ओढाताणीवर ते चित्र उभं आहे, आणि मी मुलांना त्यातला अर्धाच भाग दाखवला होता. माझ्या हातून किती मुलं गेली, ती आठवली. कुणी आता साताऱ्याला कलाशिक्षक आहे, कुणी पुण्यात जाहिरातीत, कुणाचं सुतारकाम आहे. रात्री घरी आल्यावर त्यांतल्या जितक्यांचे नंबर होते तितक्यांना कळवलं.

भिंतीकडेही मी नीट पाहिलं. पांढऱ्या भिंतीला पांढरा रंग लावू नका, हे सांगून सांगून माझा घसा बसायचा. इथे भिंतीत करडा आहे, पिवळसर आहे, खिडकीपाशी सावली आहे आणि उजवीकडे भिंत उजळत जाते. खिळा आहे, त्याची इवलीशी सावली आहे, उपटलेल्या खिळ्यांची भोकं आहेत. खिडकीची एक काच फुटलेली. बाईच्या उजव्या कडेला, पाठीच्या बाजूने, एक बारीक पांढरी रेघ ओढली आहे. ती छपाईत मला कधीच दिसली नव्हती. त्या रेघेमुळे बाई भिंतीपासून सुटून पुढे येते. पावावर पांढरे ठिपके आहेत, जवळून पाहिलं तर नुसते रंगाचे थेंब, दोन पावलं मागे आलं की पावाचा खरखरीत कवच. उजव्या कोपऱ्यात जमिनीवर पाय शेकायची पेटी आहे. ती वस्तू काय, हे मला आजवर माहीत नव्हतं. मुलं विचारायची आणि मी काहीतरी उत्तर देऊन टाळायची.

२०२२ साली तपासणी करताना कळलं की त्या उघड्या भिंतीवर आधी भांडी टांगायची फळी रंगवली होती आणि खाली एक मोठी टोपली होती. व्हर्मीरने नंतर दोन्ही झाकून टाकली. हे वाचून मला फार बरं वाटलं. संकल्पचित्रात मुलं जागा मोकळी सोडायला घाबरतात, प्रत्येक कोपऱ्यात काहीतरी भरतात. व्हर्मीरनेही आधी भरलंच होतं.

वही उघडली. हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठा सरकवत प्रमाण घेतलं. सवयच ती. तेवढ्यात सुरक्षारक्षक जवळ आला आणि हळू आवाजात मागे सरकायला म्हणाला. माझी पेन्सिल कठड्याच्या पुढे गेली होती. चूक माझीच होती, कानशिलं तापली. १९७५ साली याच संग्रहालयात 'नाइट वॉच'वर एका माणसाने सुरीने वार केले होते, १९९० साली दुसऱ्याने त्यावर आम्ल फवारलं होतं. टोकदार वस्तू दिसली की ते लोक सावध होणारच. मी सॉरी म्हटलं, स्टूल मागे घेतलं. त्याने वही पाहिली, मान डोलावली आणि माझ्यासमोर कुणी उभं राहिलं तर त्यांना जरा बाजूला व्हायला सांगू लागला. तुम्ही चित्र काढणार असाल तर भिंतीला टेकून, सगळ्यांच्या मागे बसा आणि प्रमाण घ्यायचा हात छातीशी ठेवा.

पावणेअकराच्या सुमारास गर्दी वाढली. शाळेच्या मुलांचा एक घोळका आला, मग मार्गदर्शकांचे गट. समोर नुसती डोकी दिसायला लागली. माझं रेखाटन अर्ध्यावर होतं. ते तसंच ठेवून उठले.

'नाइट वॉच' समोर बसायला बाकं आहेत. चित्र काचेच्या खोलीत आहे. २०१९पासून त्याची तपासणी तिथेच, लोकांसमोर चालू आहे. उंची पावणेचार मीटरच्या वर, रुंदी साडेचार मीटर, आणि तरीही हे कापलेलं चित्र आहे. १७१५ साली नगरभवनात दोन दारांच्या मधे बसावं म्हणून चारी बाजूंनी छाटलं, डावीकडून सर्वांत जास्त. हे वाचताना पोटात कालवलं.

इथेही मला माझी एक चूक दुरुस्त करून घ्यावी लागली. मी शिकवताना म्हणायची, "रात्रीचा प्रसंग आहे, रेम्ब्रांटने मशालीचा उजेड कसा धरलाय बघा." नाव 'रात्रीचा पहारा', तेव्हा प्रसंग रात्रीचा, इतका साधा हिशोब. पण हे नाव रेम्ब्रांटने दिलेलं नाही. चित्र १६४२चं, नाव त्यानंतर दीडशेक वर्षांनी रूढ झालं, तोवर वार्निश आणि धूळ बसून ते काळवंडलं होतं. कॅप्टन फ्रान्स बॅनिंक कॉक याच्या हुकमाखाली नागरिकांची टोळी दिवसाढवळ्या बाहेर पडते आहे. कॅप्टनने हात पुढे केला आहे, आणि त्या हाताची सावली शेजारच्या लेफ्टनंटच्या पिवळ्या कोटावर पडली आहे. धारदार, पाच बोटांची, तिरपी. ती सावली उन्हाची आहे. शंकेला जागाच नाही. पण माझ्याकडच्या छापील चित्रात ती सावली कोटावरच्या डागासारखी दिसायची.

चित्रकार हळदणकरांची हातात दिवा घेतलेली बाई आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे छापलेली पाहिली आहे, आणि तिच्या बोटांतून येणारा तांबूस उजेड वर्गात समजावून सांगणं माझ्या आवडीचं होतं. आता वाटतं, म्हैसूरला जाऊन तेही एकदा समोर उभं राहून पाहिलं पाहिजे.

नंतर 'ज्यू वधू'. नाव पुन्हा नंतरच्या लोकांनी दिलेलं. एक पुरुष बाईच्या छातीवर हात ठेवतो आणि ती आपली बोटं त्याच्या हातावर टेकवते, इतकंच. पुरुषाची बाही मात्र पाहण्यासारखी. रंग इतका जाड की गवंड्याने थापीने गिलावा केलाय असं वाटतं, आणि लांबून तेच सोनेरी रेशीम होतं. हे संग्रहालय उघडलं त्याच वर्षी व्हान गॉग इथे आला होता. कोरडा पाव खाऊन या चित्रासमोर पंधरवडाभर बसू दिलं तर आयुष्याची दहा वर्षं देईन, असं तो सोबतच्या मित्राला म्हणाला होता. माझ्या गुडघ्यांनी मला वीस मिनिटं दिली.

साडेबाराला चक्कर आल्यासारखं झालं. दालनात खाणं-पिणं नसतं आणि मी सकाळपासून पाणी प्यायले नव्हते. हे टाळता आलं असतं. दीड-दोन तासांनी खाली चौकात यायचंच, असं घड्याळात लावून ठेवा. स्वच्छतागृह, पाणी, उपाहारगृह सगळं त्या बाजूला आहे. कॉफीला चार युरोंच्या आसपास पडले. मुलीला फोन केला. ती म्हणाली, "झालं का? घरी येतेस?" मी म्हटलं, "अर्धंच झालंय."

परत जाताना चुकले. इमारतीची दोन अंगं आहेत आणि दोन्हीकडचे जिने वेगळे, खालच्या मजल्यांवर एकीकडून दुसरीकडे सहज जाता येत नाही. मला व्हान गॉगचं १८८७चं आत्मचित्र बघायचं होतं, ते पहिल्या मजल्यावर. मी जहाजांच्या प्रतिकृती आणि बंदुकांमध्ये जाऊन पोचले. दोनदा तिथेच फिरून आले. शेवटी नकाशा पुढे करून नुसतं बोट ठेवलं, तेव्हा एका कर्मचारी बाईंनी लिफ्टपर्यंत सोडलं. नकाशावर बोट ठेवायला इंग्रजी लागत नाही. आत्मचित्र लहानसं आहे, छोट्या छोट्या तुटक फटकाऱ्यांचं. ते पाहिलं, पण मन सकाळच्या कोनाड्यात अडकलं होतं, त्यामुळे त्याला न्याय मिळाला नाही.

दुसऱ्या मजल्यावर परत जाताना एक मोठं चित्र आडवं आलं. हेंड्रिक व्हान स्कौलेनबर्गचं, १६६५ सालचं, बंगालमधल्या हुगळीची डच वखार. तटबंदी, बागा, मागे गंगा, जहाजं. मी कोकणात सहलीला मुलांना घेऊन गेले होते तेव्हा वेंगुर्ल्याची पडकी डच वखार दाखवली होती, वेलींनी वेढलेली. याच डच ईस्ट इंडिया कंपनीची ती. इतकी तेल लावल्यासारखी चकचकीत वखार पाहून मला वेंगुर्ल्याच्या भिंती आठवल्या, आणि सगळ्या दालनांत जी संपत्ती दिसते तिचा रस्ता कुठून गेला हेही दिसलं. रस्ता उलटाही वाहत होता. रेम्ब्रांटने मुघल लघुचित्रांवरून रेखाटनं केली होती, वीसपेक्षा जास्त. शाहजहान आणि दारा शुकोह यांचं एक याच संग्रहालयाच्या मालकीचं आहे. कागदावरची कामं उजेडाने खराब होतात म्हणून ती कायम लावून ठेवत नाहीत. एवढ्या मोठ्या माणसाने पन्नाशीत आपल्याकडची चित्रं समोर ठेवून वहीत उतरवून काढली, हे वाचून मला माझ्या मांडीवरची वही एकदम हलकी वाटली.

चारच्या सुमारास गर्दी ओसरायला लागते. सव्वाचारला मी पुन्हा त्या कोनाड्यात होते. सकाळचा रक्षक बदलला होता. समोर एक आजोबा आणि त्यांची नात, बाकी कुणी नाही. राहिलेलं रेखाटन हातात घेतलं. मनगट, घडा धरलेली बोटं, कोपरापर्यंत सरकवलेली बाही. त्या बाईचे हात कामाचे आहेत, मनगटापर्यंत उन्हाने रापलेले आणि वर गोरे. हे हात रंगवणाऱ्याने स्वयंपाकघरात उभं राहून पाहिलं असणार. पावणेपाचला घोषणा झाली. मी वही मिटली.

बाहेरची बाग तिकिटाशिवायही उघडी असते. तिथल्या बाकावर बसून दशम्या खाल्ल्या. एकूण खर्च: तिकीट २२.५०, ट्राम दोन्ही वेळची पाचेक, कॉफी चार. दुकानात त्या चित्राचं छापील पोस्टर होतं, ते हातात घेतलं आणि परत ठेवलं. परतताना ट्रामचं कार्ड उतरताना टेकवायला विसरले नाही.

घरी पोचले तेव्हा मुलगी बाळाला खिमट भरवत होती. म्हणाली, "बघू." मी वही उघडून दाखवली. तिने बराच वेळ पाहिलं. लहानपणी तिनेही ते कॅलेंडर रोज पाहिलेलं होतं, शाळा सुटल्यावर माझ्या वर्गात येऊन बसायची.

"आई, दुधाची धार राहिली काढायची," ती म्हणाली.

"काढली आहे. तिथे कागद कोरा सोडलाय."

तिने वही उजेडाकडे धरली. बाळाने खिमटाचा हात पुढे केला, आणि मी वही पटकन उचलली.